आंघोळ करून आलेला बिल्ला

आमच्या गल्लीत अशी बोलवा आहे की माझा मामा तरुणपणी फौजेत होता आणि विमानातून उड्या मारायचा. साफ खोटं! मामाला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. घरातला दिवा मामी बदलते. मामा खाली स्टूल धरून उभा राहतो, तेही डोळे मिटून. भरतीला तो गेला होता खरा, पण नजरेच्या तपासणीत पहिल्याच ओळीला आपटला. मग त्याने सरळ चष्म्याचं दुकानच काढलं.

बोलवा उठली ती दुकानातल्या काचेच्या कपाटामुळे. त्यात जुन्या छत्रीधारी सैनिकांचे कापडी बिल्ले आहेत: दोन पंख, मधे उघडलेली छत्री. जमवणारे लांबून येतात, आपला बिल्ला खरा की नक्कल ते विचारायला. मामा डोळ्याला भिंग लावतो, नाकातून ‘सूंऽ’ करतो आणि म्हणतो, “थांबा थांबा थांबा. घाई कुणाला आहे?” हे मी इतकं हुबेहूब करते की दुकानामागच्या घरातून मामी ‘ओ’ देते. मामासमोर मात्र कधी केलं नव्हतं.

गेल्या महिन्यात बेकरीवाल्या आजी आल्या. त्यांचा धाकटा भाऊ मागच्या वर्षी गेला. तो जन्मभर सांगायचा की मी छत्री घेऊन उड्या मारल्यात. सगळे त्याला ‘ढगोबा’ म्हणून हसायचे. आता त्याच्या पेटीत एक बिल्ला सापडला होता.

“नाही म्हणजे, मी काही म्हणत नाही,” आजी एका दमात म्हणाल्या, “पण त्याचा पुतण्या म्हणतो, काकांनी जत्रेत विकत घेतला असेल. मी त्याच्याशी बोलणं टाकलंय. आता तुम्ही पण तसंच म्हणालात तर मी कुठल्या तोंडाने...”

मामाने नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला. बिल्ला लख्ख चमकला. जुना सुती धागा असा चमकत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. आजींचा चेहरा उतरला.

मी मामाच्या कानात म्हटलं, “नकली.”

“पैज?” मामा पुटपुटला. “हरलीस तर माझी नक्कल माझ्यासमोर करायची.”

म्हणजे याला सगळं माहीत होतं!

“आजी,” मामा म्हणाला, “नकली बिल्ल्याचा एखाददुसरा धागा चमकतो. हा तर मागून-पुढून, काठासकट चमकतोय. आंघोळ घातलीत का याला?”

“अहो, किती मळला होता! तुमच्याकडे तसा आणायचा? रात्रभर पावडरमध्ये भिजवला.”

“सूंऽ! पावडरीत पांढरेपणासाठी जे घालतात ना, ते चमकतंय. बिल्ला नाही.”

मग त्याने मागचा एक सुटा धागा चिमट्याने ओढून पेटत्या काडीवर धरला. नायलॉनसारखी वितळून गोळी झाली नाही. राख झाली, कागद जळाल्यासारखा वास आला. “सुती. आता हे बघा. काठाला भोकांच्या दोन रांगा. एका शर्टावरून उसवून दुसऱ्यावर लावलाय. किती उड्या मारल्या ते बिल्ला सांगत नाही, आजी. पण हा जुना आहे, आणि अंगावर वागवलेला आहे.” भिंग थोडं सरकलं. “आणि हे राहिलेले टाके उलट्या बाजूला कलतात. भाऊ डावखुरा होता?”

आजी खुर्चीतच सैल झाल्या, दोरी सोडलेल्या पोत्यासारख्या. “डाव्या हाताने जेवायचा म्हणून मार खायचा हो!” त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. “लबाड कुठला! खरं बोलत होता! माझं मेलीचंच मन मधूनमधून डळमळायचं. सुटले बाई.”

“आता धुऊ नका,” मामा म्हणाला.

“धुते कशाला! आधी त्या पुतण्याच्या नाकासमोर धरते.”

मग मामाने आजींना आमची पैज सांगितली आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती. मी भिंग उचललं, ‘सूंऽ’ केलं आणि म्हटलं, “थांबा थांबा थांबा. घाई कुणाला आहे?”

मामा हाताची घडी घालून म्हणाला, “छे! माझा आवाज इतका चिरका नाही.”

तेवढ्यात आतून मामीचा आवाज आला, “ओ! आले हं!”