अर्ज लिहिणारी बाई

मिरजेची एक बाई आमची कैकाडी बोली टिकावी म्हणून निधीचे अर्ज लिहून देते. पाठवण्याआधी ती अर्ज आम्हा पाट्या विणणाऱ्या बायकांना वाचून दाखवते, आणि दर ओळीला चष्मा पुसत विचारते, "बरोबर आहे ना, आजी?" एकदा तिनं लिहिलं होतं, बोली मरायला टेकलीय.

"मग मी काय मेले व्हय गं?" मी म्हटलं. तिनं हसत ती ओळ खोडली.

निधी आला, पोरांसाठी आमच्या बोलीचा वर्ग सुरू झाला, माझी नातही जायला लागली. ती जन्मापासून माझ्याशी मराठीतच बोलते. काल तिनं त्या बाईला आमच्या बोलीत विचारलं, "बाई, जेवलात का?"

बाई म्हणाली, "आता आजीला विचार."

पोरगी माझ्याकडं वळली आणि मराठीत म्हणाली, "जेवलीस का गं?"

बाई चांगली आहे. तरी तिचा पुढचा अर्ज नामंजूर व्हावा, असं मला वाटलं.