हे कोणाचं?

युनिव्हर्सिटीत त्यांना सगळे टकटकबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’ आणि पाठ वळली की टकटकबाई. बाईंना ते ठाऊक होतं. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे प्रबंध टाइप केले, आधी खडखडणाऱ्या मशीनवर आणि नंतर कॉम्प्युटरवर. इंग्रजी त्यांना कोणी शिकवलं नाही, ते बोटांतून आत शिरलं. कोणत्या वाक्यात दम आहे आणि कोणतं नुसतंच फुगलंय, हे त्यांना पान अर्धं होण्याआधीच कळायचं. मग बाई समासात पेन्सिलीने बारीक खूण करायच्या, आणि डॉक्टरेटच्या उंबरठ्यावरचे विद्वान मुकाट्याने ते वाक्य दुरुस्त करून आणायचे.

प्रत्येक प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असायचं. मार्गदर्शकांचे आभार, आईवडिलांचे आभार, बायकोचे आभार. एका महाशयांनी तर पाळलेल्या कुत्र्याचेसुद्धा मानले होते. ते पानही बाईंनीच टाइप केलं, एकही चूक न करता. टाइप करणारीचं नाव मात्र अशा पानावर कधी आलं नाही.

पुढे ज्याच्या त्याच्या हाती लॅपटॉप आला आणि बाईंचं करायचं काय, असा प्रश्न उभा राहिला. नेमकी त्याच वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सहा आठवड्यांचा पूर्वतयारी वर्ग निघाला. घरच्या भाषेत बारावीपर्यंत शिकलेली मुलं, पुढचं सगळं इंग्रजीत. तर त्यांना इंग्रजीत वाचायला, टिपणं काढायला, निबंध लिहायला शिकवायचं. शेवटी एक परीक्षा. पास झालं तर पहिल्या वर्षात बसायचं, नाहीतर घरी. एकही प्राध्यापक हे लोढणं गळ्यात बांधून घेईना. म्हणून ते बाईंच्या गळ्यात आलं.

खोली मिळाली ती प्रयोगशाळेच्या सामानखोलीमागची. बसायला उंच लाकडी स्टुलं, भिंतीला एक बेसिन आणि त्यात दिवसभर ठिबकणारा नळ. बाईंनी एकदा चौफेर पाहिलं आणि म्हणाल्या, “झकास. इथे कोणी तपासायला फिरकणार नाही.”

तपासायला कोणी न आलेलंच बरं होतं. दारावर पाटी होती: वर्गात फक्त इंग्रजी. बाईंनी पहिल्याच दिवशी त्या पाटीवर आपली छत्री टांगली, आणि ऊन असो की पाऊस, ती तिथून हलली नाही.

“आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” त्या मुलांना म्हणायच्या. “धडा वाचलात ना? आता शेजारच्याला आपल्या भाषेत सांगा काय समजलं ते. मग पुस्तक मिटा, आणि मग इंग्रजीत लिहा. वेडंवाकडं लिहा, पण आपलं लिहा.”

मग त्या स्टुलांमधून फिरायच्या, कोणाच्याही वहीतल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, “हे कोणाचं?” आपलं असेल तर ठीक. पुस्तकातलं असेल तर लेखकाचं नाव लिहायचं.

“शेजारणीचं पातेलं आणलं तर पाहुण्यांना ‘आमचंच आहे’ म्हणून मिरवतो का आपण? विचारांचंही तसंच. खुशाल उसना आणा, पण कोणाकडून आणला ते सांगा. त्यात लाज कसली? उसनं मागता येतं तोवरच शेजार असतो.”

वर्गात बसड्रायव्हरची एक मुलगी होती. मुलं तिला टेप म्हणायची. एरवी तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण धड्याचं नाव काढलं की पानंच्या पानं घडाघडा सुरू. तिच्या शाळेत पुस्तकातला एक शब्द इकडचा तिकडे झाला की अर्धा मार्क जायचा.

“बाई, पुस्तक लिहिणारा एवढा मोठा माणूस,” ती एकदा हळूच म्हणाली. “त्याचं वाक्य मी कशी मोडू?”

“मोडू नको गं. त्याचं त्याच्याकडे राहू दे, तू तुझं लिही. कळलं?”

टेपने नंदीबैलासारखी मान हलवली. बाईंना वाटलं, कळलं. तिथेच बाई चुकल्या.

परीक्षेत टेपचं डोकं बधिर झालं आणि हात मात्र चालत राहिला. तपासणाऱ्याने पाहिलं तर अडीच पानं पुस्तकाशी शब्दन्‌शब्द जुळत होती, आणि लेखकाचं नाव कुठेच नव्हतं. झालं! कॉपी केली, प्रवेश रद्द का करू नये, म्हणून चौकशी लागली. वर्ष वाया गेलं तर मामाच्या दुकानात काउंटरवर बसायचं, हे तिच्या घरी आधीच ठरलेलं होतं.

चौकशीला बाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या गेल्या. आपल्याला खुर्ची मिळणार नाही हे ओळखून वर्गातलं एक स्टूल बरोबर घेऊन गेल्या, आणि विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये टेपच्या शेजारी ते टेकवून बसल्या. टेबलापलीकडे प्रमुख आणि परीक्षा विभागाच्या मॅडम. प्रमुख मुलीला इंग्रजीत प्रश्न विचारत होते आणि मुलगी जमिनीकडे बघत होती.

“सर, तिला तिच्या भाषेत बोलू द्या,” बाई म्हणाल्या.

“बाई, इथलं माध्यम इंग्रजी आहे.”

“इंग्रजीची परीक्षा निबंधाची होती. तिच्या इभ्रतीची पण इंग्रजीतच घेणार का?”

मॅडमनी खोकल्यासारखं काहीतरी केलं. प्रमुखांनी हात झटकला, बोला एकदाचं.

“चिठ्ठी कुठे लपवली होतीस?” त्यांनी मुलीला विचारलं.

“चिठ्ठी नव्हती, सर. पाठ आहे.”

“अडीच पानं?”

“सगळं पुस्तक.”

प्रमुख हसले. बाईंनी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी मधलंच एक पान उघडून पहिले चार शब्द वाचले, आणि टेप सुरू झाली. पान संपलं, पुढचं अर्धं झालं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “पुरे गं बाळ, पुरे.”

“म्हणजे चिठ्ठी नव्हती, मान्य,” प्रमुख म्हणाले. “पण दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून दिलं. नियम तो नियम.”

“चूक आहेच,” बाई म्हणाल्या. “निम्मी तिची, निम्मी माझी. तिने मान हलवली आणि मी पुढे गेले. तिला कोरा कागद द्या. विषय तुम्ही काढा, तुमच्यासमोर लिहू दे.”

“अशी दुसरी संधी कोणाला देत नाही आपण.”

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. आवाज त्यांनी चढवला नाही, उलट खाली आणला.

“सर, तुमच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण मी तीनदा टाइप केलंय. पहिल्या खेपेला अख्खं पान दुसऱ्याचं होतं, नावाशिवाय. मी समासात लिहिलं होतं, ‘हे कोणाचं?’ तुम्ही आधी चिडलात, मग नाव घालून आणलंत. तुम्ही चोर नव्हतात. सवय नव्हती तुम्हाला. तुम्हाला कोणी घरी पाठवलं का?”

प्रमुखांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी खण उघडला, एक कोरा ताव काढला आणि वर विषय लिहिला: शहरात शेजारी एकमेकांना का ओळखत नाहीत?

“चाळीस मिनिटं,” ते म्हणाले.

पहिली दहा मिनिटं टेपने काहीच लिहिलं नाही. ओठ हलत होते. शेजारी कोणी नव्हतं म्हणून ती स्वतःलाच आपल्या भाषेत सांगत होती. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग पेन चालू लागलं, अडखळत, खोडत, पुन्हा चालत.

दीड पान झालं. क्रियापदांचे काळ चुकले होते, दोन वाक्यं मध्येच सोडून दिली होती. पण सगळं तिचं होतं: चौथ्या मजल्यावरची तिची आई, आणि समोरचं दार, जिथे काही मागायला जायची चोरी. प्रमुख वाचत वाचत शेवटाकडे आले आणि थांबले. उसनं मागता येतं तोवरच शेजार असतो, असं तिथे इंग्रजीत लिहिलं होतं. खाली रेघ मारून, कोणाचं तेही लिहिलं होतं. टकटकबाई नव्हे, बाईंचं आडनावासकट पूर्ण नाव, आणि पुढे: वर्गात, तोंडी, चौथा आठवडा.

“हा काही संदर्भ होत नाही,” प्रमुखांनी पेन उचललं. “यांनी कुठे पुस्तक लिहिलंय?”

बाईंनी कागदावर वाकून ती ओळ वाचली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच त्यांना राग आला.

“खोडू नका, सर,” त्या म्हणाल्या आणि आपल्या नावावर बोट ठेवलं. “तिने उसनं घेतलं आणि कोणाचं ते सांगितलं. तुम्हा सगळ्यांना बावीस वर्षांत जमलं नाही ते.”

प्रमुखांचं पेन त्या बोटाशी येऊन थांबलं होतं. बोट हललं नाही. शेवटी पेनच वर गेलं, कागदाच्या कोपऱ्यात, आणि त्याने लिहिलं: पास.