जास्तीची पाचशेची नोट

हिशेबात एकवेळ देव चुकेल, पण आमचे थोरले साडू चुकणार नाहीत. चुकलेच तर त्यांचं जेवण, झोप आणि शेजारच्या चार घरांची शांतता एकदमच जाते. एसटीत त्यांनी जन्मभर कंडक्टरकी केली. कंडक्टरला ड्यूटीवर चढण्याआधी स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते लिहून द्यावं लागतं, म्हणजे तिकिटांचे पैसे त्यात मिसळत नाहीत. निवृत्त झाले, खाकी उतरली, ही खोड काही उतरली नाही. लग्नात आहेर लिहायला बसले तरी आधी जाहीर करणार, "माह्या खिशात एकशे दहा रुपये हायेत, लिहून घ्या."

अशा माणसाला आम्ही मंगरूळपीरच्या आमच्या मंडळाचा खजिनदार केला. हौसच म्हणायची. मंडळ लहानसं. लोकांच्या देणगीतून ऑक्सिजनची यंत्रं, वॉकर, पलंग घ्यायचे आणि गरजूंना फुकट वापरायला द्यायचे. पहिल्याच बैठकीत साडूंनी सगळ्यांना खिसे उलटे करायला लावले. आमच्या मधुमेही अध्यक्षांच्या खिशातून दोन पेढे निघाले; ते वहीत चढवू नका, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. मग दाराबाहेर फळा लागला. "देनाऱ्यायची नावं सारेच लावतात. पैसा गेला कुठी, थे कोन लावते?" असं त्यांचं म्हणणं. फळ्यावर खडूचा खर्चसुद्धा खडूनेच लिहिलेला असे. एका व्यापाऱ्याने पलंगासाठी पैसे दिले, तर हे त्याला आसेगावला घेऊन गेले आणि झोपलेल्या रोग्याला उठवून गादी दाबून बघायला लावली. त्या व्यापाऱ्याने पुढे देणगी दिली, पण आसेगावला काही गेला नाही.

यंदा पोहरादेवीच्या यात्रेत आम्ही डबा फिरवला, दर देणगीची पावती फाडली आणि संध्याकाळी हिशेबात पाचशे कमी भरले. साडूंचा चेहरा उतरला. तीन दिवस पोटात अन्न नाही. आधीच धाप लागणारा माणूस, त्यात वहीवरून उठेना. एकच घोकणं, "लोक म्हनतीन, कंडक्टरनं खाल्ले." मेव्हणीचा रडत फोन आला. मलाच राहवेना. त्यांच्या घरी गेलो आणि ते पाणी प्यायला उठले तेवढ्यात स्वतःची पाचशेची नोट डब्याच्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवून दिली. ती त्यांना सापडली आणि ते दोन भाकरी जेवले. मी आपल्या हुशारीवर खूश.

दुसऱ्या दिवशी धुवायला टाकलेल्या सदऱ्यात यंत्राच्या दुरुस्तीची पावती निघाली. पाचशेची. ते पैसे डब्यातूनच दिले होते, वहीत चढवायचे राहिले होते. म्हणजे आता पाचशे जास्त. दुसरा कोणी असता तर नारळ फोडला असता. साडू म्हणाले, "कमी पडले तर घरचे भरता येतात, साडभाऊ. जास्तीचे म्हनजे कोनाले तरी बिनतिकिटाचं गाडीत बसवलं." आणि पावतीपुस्तक काखेत मारून निघाले की देणारा शोधायला! भर उन्हात, एसटीने, गावोगाव. यात्रेत ज्याने ज्याने पैसे टाकले त्याला विचारत. धनजला एकजण 'हो, माहेच' म्हणाला, पण तो ते परत मागायला लागला. इकडे माझा जीव टांगणीला. सांगावं तर माणूस दुखावणार, न सांगावं तर रस्त्यात कोसळणार. तिसऱ्या दिवशी ते स्टँडच्या पायरीवरच बसले. श्वास मावेना. रिक्षात घालून मी त्यांना घरी आणलं आणि तिथेच सगळं ओकून टाकलं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. पावतीपुस्तक उघडून त्यांनी मला माझं पूर्ण नाव विचारलं, परक्याला विचारावं तसं. लिहिता लिहिता म्हणाले, "डब्यातून काढनारा चोर असते, हे साऱ्यायले ठाऊक हाय. गुपचूप टाकनाराबी हिशेब खोटाच करते." मग पेन थांबलं. "मी खाल्ले, असं तर नाही ना वाटलं तुमाले?"

मी नाही म्हणालो. लगेच म्हणालो. पण खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत एकदा, एकदाच, मनात येऊन गेलं होतं. त्यांनी उरलेली पावती लिहिली आणि फाडून हातात दिली. ती अजून माझ्या पाकिटात आहे.

आता मंडळाचं एक यंत्र त्यांच्याच पलंगाशी असतं. कोणाकडे गेलं ते फळ्यावर लिहायला त्यांनीच लावलं. डब्याची किल्ली माझ्याकडे आली. बैठकीच्या दिवशी मी आधी त्यांच्याकडे जातो. नाकात नळी, बोलवत नाही. ते फक्त माझ्या खिशाकडे बोट करतात. मी सगळं पलंगावर ओततो, त्यांच्या डोळ्यांसमोर मोजतो. "दोनशे त्रेसष्ट, दादा." ते मान हलवतात आणि डोळे मिटतात. बैठकीत मला कोणी काही विचारत नाही. हल्ली मी त्यांच्याकडे जाताना मुद्दाम चिल्लर घेऊन जातो, मोजायला जरा जास्त वेळ लागतो.