समुद्रावरचं जेवण आणि तात्यांचे उपास

दूध डेअरीवर दुधापेक्षा गप्पा जास्त जमतात. सकाळचं दूध मापून झालं की गाडी येईपर्यंत करायचं काय? कुणीतरी एक किस्सा काढतो, दुसरा त्यात थोडं पाणी घालतो. दुधातलं पाणी पकडायचं यंत्र आमच्याकडे होतं, गप्पांतलं पकडायचं अजून निघालेलं नाही!

आमची दूध सोसायटी बेंबळीच्या बाजूला, एका लहानशा गावात. ऐंशीच्या दशकात मी तिथं सेक्रेटरी होतो. चेअरमन तात्या, मशीनवर दुधाची फॅट मोजायला कांबळे, आणि जीपवर रशीदभाई. आम्हा चौघांचं गूळपीठ होतं. तात्या आता नाहीत, सोसायटीला कुलूप लागूनही जमाना झाला. पण त्या दिवसांची आठवण निघाली की एकटा असलो तरी मला हसू येतं, आणि मग जरा गलबलूनही येतं.

*

तात्या माणूस सोन्यासारखा. बहात्तरच्या दुष्काळात ते आणि कांबळे एकाच तलावाच्या कामावर खडी फोडायला होते. पुढं सोसायटी निघाली. कांबळे बौद्ध, त्यानं आपल्या दुधाला हात लावावा हे गावातल्या काही जणांना खुपलं. तात्या भर मीटिंगमध्ये म्हणाले, "मशीनवर कांबळेच बसंल. ज्याला पटत न्हाय त्यानं आपलं दूध आपुन प्यावं!" विषय संपला.

पण कांबळेच्या घरी तात्या कधी जेवले नाहीत. जुनी रीत, हाडात मुरलेली. तोंडानं तसं कधी बोलले नाहीत. त्यांना फक्त उपास असायचा!

कांबळेच्या मुलाचं नाव ठेवलं तेव्हा सोमवार होता. नवं घर बांधलं तेव्हा गुरुवार. तिसऱ्या खेपेला कांबळेनं मुद्दाम रविवार गाठून जेवायला बोलावलं. तात्या आले, पोराच्या डोक्यावर टोपी घातली, गालाचा मुका घेतला, आणि मांडलेलं ताट बघून म्हणाले, "आज उपास हाय."

"तात्या, इतवार का कौनसा उपास?" रशीदभाईंनी विचारलं.

"सूर्याचा!"

आम्ही सगळे हसलो. कांबळेही हसला. त्याची बायको सुशीला मात्र हसली नाही. ते ताट तिनं उचलून आत नेलं. पुढच्या वेळी तात्यांसाठी पुन्हा मांडलं, आणि पुन्हा उचललं.

खरा उपास तात्या एकच करायचे, एकादशीचा. तो मात्र कडक. तापानं फणफणले होते तेव्हाही मोडला नव्हता.

*

एका पशुखाद्य कंपनीनं आमच्या सोसायटीला बक्षीस दिलं. गोव्याच्या समुद्रावर भल्यामोठ्या हॉटेलात तीन दिवस. राहणं, खाणं, पिणं, सगळं आत!

तात्या नको म्हणत होते. पाऊस दगा देऊन गेला होता, वैरण नव्हती, लोक म्हशी विकत होते. "असल्यात मजा मारायला जायाचं?" पण कांबळे म्हणाला, "तात्या, येवढं पाणी एका जागी आपल्याला कधी बघाय मिळायचं?" तात्यांनी पिशवी भरली.

हॉटेलच्या दारातच टाय लावलेल्या पोरानं आमच्या मनगटात निळा प्लास्टिकचा पट्टा अडकवला. म्हणे, हा दाखवला की सगळं फ्री. आता, सोसायटीच्या कर्जावर घेतलेल्या म्हशींच्या कानात आम्ही विम्याचा बिल्ला मारायचो. तात्यांनी मनगट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "कानात मारला न्हाय, हे नशीब!"

*

सामान टाकून आधी समुद्र गाठला. खडी फोडणाऱ्या माणसांनी येवढं पाणी बघितल्यावर करायचं तरी काय?

मग तात्यांनी धोतर खोचलं, पुढं गेले, ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थू थू करत मागं आले.

"कांबळे, लावू नको मशीन. निस्ती भेसळ हाय!"

*

त्या हॉटेलचा बाहेरचा थाट बघावा, आणि खोलीत नळ सोडावा तर करंगळीएवढी तांबडी धार! गाद्यांना ओला वास. पंखा फिरायचा, पण वारा स्वतःपुरताच घ्यायचा. खिडकीतून समुद्र दिसेल असं सांगितलं होतं. दिसत होती धोब्याची दोरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाजूला टँकरचा हॉर्न वाजला. झालं! उभा जन्म ज्या हॉर्नवर धावण्यात गेला, तो ऐकून पाय थांबतील? तात्या बनियनवर, रशीदभाई लुंगीत, कांबळेच्या तोंडात टूथब्रश, मी दोन्ही हातांत बादल्या घेऊन. जिना उतरून आम्ही टँकरजवळ पहिला नंबर लावला. आम्ही चौघंच. बाकीचे पाहुणे गॅलरीतून बघत होते.

मॅनेजर पळत आला. "सर, सर, हे पाणी स्विमिंग पूलसाठी आहे!"

तात्यांनी बादली खाली ठेवली. निळ्या हौदात पाय सोडून बसलेल्या लोकांकडं बघितलं, मग मॅनेजरकडं.

"आमच्याकडं टँकर आला तर म्हातारी माणसं लोटा घेऊन पळत्यात," ते म्हणाले. "आन् तुमी त्यात डुंबाय लावताव?"

पूलमध्ये आम्ही कुणी उतरलो नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण पायच उचलला नाही.

*

खरी गंमत जेवणाची. पहिल्याच दिवशी मोठ्या हॉलमध्ये गेलो. भिंतीकडेला चकचकीत भांडी मांडलेली, वाफा निघताहेत. आम्ही आपले एका टेबलाला ओळीनं बसलो, बाह्या सरसावल्या आणि थांबलो. वाढपी येईना. शेजारची माणसं जेवून उठली, नवी आली, तीही उठली. तात्यांच्या पोटात कावळे कोकलत होते, पण पंगतीत घाई करायची नसते.

शेवटी मी एका वेटरला विचारलं. तो म्हणाला, "सर, आपापलं घ्यायचं. कितीही घ्या!"

तात्यांचा चेहरा पडला. "आपल्या हातानं? थाळी घिऊन त्या भांड्यापुढं हुबं ऱ्हायाचं? मागाय आलोय का आपुन?"

आणि ते जागचे हलले नाहीत. तेवढ्यात कांबळे उठला. भांड्यापाशी गेला, तात्यांसाठी वाढायला डाव हातात घेतला, आणि मागं वळून तात्यांकडं बघितलं. मग डाव परत ठेवून रिकाम्या हातानं येऊन बसला. ते मी बघितलं. तात्यांनीही बघितलं.

मी त्यांना एक प्लेट आणून दिली. गोड चटणीत कालवलेल्या पांढऱ्या दोऱ्या होत्या, त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं. तात्यांनी दोन घास खाल्ले आणि प्लेट सारली. पुढचे दिवस त्यांनी केळी आणि चहावर काढले. फुकटच्या जेवणात आमचे चेअरमन उपाशी!

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही वाळूत बसलो होतो. तात्या म्हणाले, "येवढं अन्न, पर एक माणूस 'घ्या' म्हनंना. आग्रह न्हाय, तर त्याला जेवण कसं म्हनायाचं?"

कांबळे समुद्राकडंच बघत होता. आवाज न चढवता म्हणाला, "तात्या, आग्रह करूनबी न जेवणारी माणसं असत्यात की."

रशीदभाईंनी बिडी पेटवली. मी वाळूत रेघोट्या मारत बसलो. इतक्या वर्षांत कांबळे त्या उपासांवर पहिल्यांदाच बोलला होता, आणि आता ह्या दोघांचं मैत्र तुटतं की काय, अशी मला भीती वाटली.

*

परतीला रात्रभर जीप चालली. सकाळी सोलापुरात पोहे खायला उतरलो. तात्या जीपमधून हलले नाहीत.

"आज एकादशी हाय."

रशीदभाईंना राहवेना. "असली, या सूरजवाली?"

"असली!"

मी टपरीवरच्या कॅलेंडरमध्ये बघून आलो. खरंच एकादशी होती.

गावात शिरताना पहिलं घर कांबळेचं. त्याला सोडायला रशीदभाईंनी जीप थांबवली. सुशीलाच्या चुलीवर भाकरी चालू होत्या, पिठल्याला लसणाची फोडणी नुकतीच पडली होती. तीन दिवस त्या पांढऱ्या दोऱ्या खाल्लेली माणसं आम्ही! मी आणि रशीदभाई सांगायच्या आधीच हात धुऊन बसलो. कांबळे आमच्या शेजारी बसला.

तात्या जीपमध्येच होते. मग उतरले. दारात जरा थांबले, चपला काढल्या, आत आले आणि माझ्या बाजूला मांडी घालून बसले.

सुशीला शहाणी बाई. ह्या वेळी तिनं तात्यांचं ताट मांडलंच नाही. फडताळातून दोन केळी काढली आणि बशीत घालून त्यांच्यापुढं ठेवली. "तुमाला एकादशी आसंल, तात्या. आज खरीच हाय, मला ठावं हाय."

तात्यांनी बशी बाजूला सारली. "ताट आण."

ती जागच्या जागी उभी राहिली. कांबळेचा घास हातात तसाच. रशीदभाई हळूच म्हणाले, "तात्या, एकादशी…"

"ठावं हाय मला!"

सुशीलानं ताट आणलं. एक भाकरी वाढली, पिठलं वाढलं, कांदा फोडून ठेवला आणि पदर सावरत मागं सरली. तात्या ताटाला हात लावीनात. मांडीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. चुलीवरची भाकरी करपायला लागली, तरी तिकडं कुणी बघेना.

मग तात्यांनी मान वर करून सुशीलाकडं बघितलं आणि म्हणाले,

"पोरी, जरा आग्रह कर की गं."