मामाचा नवा आवाज

मामाला एका जागी स्थिर बसलेलं मी फक्त गोष्ट वाचताना पाहिलंय. एरवी सतत वरखाली. कामही तसंच, लिफ्ट दुरुस्तीचं. विज्ञानकथांचं वेड एवढं, की कामावरचे लोक त्याला अंतराळवीर म्हणायचे.

"वर जायची एवढी हौस, आणि पोचतोस कुठे? नवव्या मजल्यावर," असं ते चिडवायचे.

"अडकलात की खाली आणायला मीच लागतो," मामा म्हणायचा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात त्याचं विज्ञानकथा मंडळ जमायचं. एकानं गोष्ट मोठ्यानं वाचायची, मग सगळ्यांनी भांडायचं: एवढ्या वेगात यान वळेल का, वळलं तर आतल्यांची हाडं शिल्लक राहतील का. बावीस वर्षं वाचणारा मामाच. गोष्टीत यंत्रमानव आला की नाक दाबून सपाट आवाज काढायचा आणि अख्खा वर्ग हसायचा.

मग घशाच्या कॅन्सरमुळे त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याजागी मिळालं टॉर्चएवढं एक यंत्र. ते गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे. यंत्राच्या थरथरीतून शब्द उमटतात, सगळे एकाच पट्टीत. म्हणजे नाक दाबून काढायचा तोच आवाज, आता कायमचा.

पाच महिने मामा मंडळात गेला नाही. मग एक दिवस वार्षिक संमेलनात वाचतो म्हणाला. जमलं नाही, तर पुस्तकांची पेटी मंडळाला देऊन टाकायची आणि विषय संपवायचा. पेटी त्यानं दाराशी आणूनही ठेवली.

त्या सकाळी तो घरभर फिरत होता. कपाट उघडायचा, मिटायचा, यंत्र चार्जरवरून काढायचा, परत लावायचा.

"अहो, दहा वेळा बघितलीत ती बॅटरी," मामी म्हणाली. "पळून जाणारे का ती?"

"मधेच उतरली तर?"

"तर तेवढीच लोकांना विश्रांती."

मंडळाचे चिटणीस चष्म्याचं दुकान चालवतात. आधी ऑपरेशनबद्दल दोन शब्द सांगतो, असं ते म्हणाले होते. मामानं साफ नकार दिला. "गोष्ट ऐकायला येतात. माझा केसपेपर नको."

संमेलनाला त्याच वर्गात जुने सात-आठच होते. बाकी सगळी नवी मंडळी, गोष्टींतल्या पात्रांचे वेश करून आलेली: डोक्यावर चंदेरी कागदाची शिरस्त्राणं, छातीवर लुकलुकते दिवे. मामानं मुद्दाम यंत्रमानव नसलेली गोष्ट निवडली होती. दूरच्या ग्रहावर एकटी राहिलेली आई रेडिओवरून मुलीशी शेवटचं बोलते, एवढीच.

त्यानं यंत्र गळ्याला लावलं. पहिलं वाक्य झालं आणि टाळ्या पडल्या. शिट्ट्याही. कुणीतरी म्हणालं, "काय भारी आवाज काढलाय." आई मुलीला म्हणते, "जेवलीस का?" तिथं सगळा वर्ग हसला. नव्यांना वाटलं, हा त्याचा वेश. बाकीच्यांचे कागदाचे, याचा आवाजाचा.

चष्मेवाले चिटणीस खुलासा करायला उठू लागले. मामानं हातानंच त्यांना बसवलं. माझं लक्ष मात्र त्याच्या पायाकडे होतं. टाच जमिनीवर सारखी आपटत होती. आता हा पुस्तक मिटणार, असंच मला वाटलं.

त्यानं यंत्र गळ्यापासून काढून टेबलावर ठेवलं आणि पुढचं वाक्य वाचलं. ओठ नेहमीसारखे हलले. ऐकू काहीच आलं नाही. त्यानं पान उलटलं, आणखी चार ओळी तशाच वाचल्या. हसणं आधी पुढच्या रांगेत थांबलं, मग मागच्या. शेवटच्या बाकावरच्या मुलीनं डोक्यावरचं शिरस्त्राण काढून मांडीवर घेतलं.

मामानं यंत्र परत गळ्याला लावलं. "हे काढलं की एवढंच ऐकू येतं," तो म्हणाला. "आता आईचं पुन्हा वाचतो." आणि पान मागे उलटून "जेवलीस का" पासून सुरू केलं. पाऊण तास वाचत होता. टाच कधी थांबली, मला कळलंही नाही.

नंतर नेहमीसारखं भांडण झालं: एवढ्या लांबून रेडिओवर उत्तर लगेच येईलच कसं? मामा सगळ्यांच्या वर आवाज चढवून भांडला, म्हणजे बटण दाबूनच ठेवलं.

घरी आल्यावर मामीनं पेटी आत सरकवली. मामाचं लक्ष नव्हतं.

"मुलगी आणि आई सारख्याच वाटल्या," तो मला म्हणाला. "या यंत्राला दुसरं बटण आहे. त्याची पट्टी वर नेता येते का बघ."

"आधी जेवा," मामी म्हणाली.

पण तो स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठलाही होता.