कांदा इकडे, लेकरू इकडे

अख्ख्या नांदेडात कांदा विकत न घेता ज्याचा स्वयंपाक चालतो असा एकच माणूस असेल, आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. म्हणजे वरच्या मजल्यावर. लहान लेकरांचे डॉक्टर. एका मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात त्यांची ड्युटी असते. तापात झटका आलेली, नाकात चिंचोका घातलेली, विंचू चावलेली, रंगाचं थिनर पाणी समजून प्यालेली अशी सगळी लेकरं आधी त्यांच्या हातात पडतात. आता आपल्याकडे लेकराला झटका आला की घरातलं मोठं माणूस डॉक्टर नंतर शोधतं, आधी कांदा शोधतं. तो बुक्कीनं फोडायचा, लेकराच्या नाकाशी धरायचा, वाटेत लागतील म्हणून आणखी चार पिशवीत टाकायचे आणि हदगावहून, बिलोलीहून जीप पळवायची. दारात आमचे डॉक्टर दोन्ही हात पुढे करून उभेच. "कांदा इकडे, लेकरू इकडे!" लेकरू खाटेवर जातं, फोडलेला कांदा कचऱ्यात आणि पिशवीतले डॉक्टरांच्या डब्याशेजारी. संध्याकाळी त्यांचं पिठलं होतं. "झटक्यावर ह्याचा काडीचा उपयोग नाही सर," ते मला एकदा ताट पुढे करून म्हणाले, "पण पिठल्यात काय लागतो बघा."

आमची ओळखही कांद्यानंच झाली. आम्ही खाली नवीनच राहायला आलो होतो आणि माझ्या मुलीला तापात झटका आला. डोळे वर, हातपाय ताठ. माझ्या आईनं कांदा फोडला, बायको दातखीळ उघडायला चमचा घेऊन आली आणि मी, कॉलेजात पोरांना रोज अक्कल शिकवणारा माणूस, नुसता ओरडत सुटलो. त्या ओरडण्यानं वरचे डॉक्टर बनियनवरच खाली आले. त्यांनी कांदा काढून घेतला, चमचा काढून घेतला, मुलीला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत शांत बसले. आईला राहवेना. "अवो डॉक्टर, कायतरी करा की!"

"करून राहिलो ना आजी. तोंडात काही न घालणं, धरून न ठेवणं, हेच करून राहिलो. थांबला नाही तर औषध आहे."

झटका थांबला. मुलगी रडायला लागली आणि डॉक्टर असे खुलले की जणू तिनं गाणंच म्हटलं! मग त्यांनीच आम्हाला दवाखान्यात नेलं, कारण ताप कशाचा हे बघायचं राहिलं होतं. तेव्हापासून ते आमच्या घरातले झाले. माझी आई त्यांना अजून थोडी भिते, ते सोडा.

रडण्याचं त्यांना भारी कौतुक. दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. एक गृहस्थ बोंबलणारा पुतण्या घेऊन आले होते, बोट दारात चेमटलेलं. आपण कोणाचे कोण लागतो हे ते सगळ्यांना ऐकवत होते. कोपऱ्यात एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. "आमचं लेकरू लई गुणाचं हाय सायब, सकाळपासून हूं का चूं न्हाई," ती म्हणाली. डॉक्टर गृहस्थांना जवळजवळ ढकलूनच तिच्याकडे धावले. उन्हाळ्याच्या दिवसात त्या लेकराला स्वेटर, टोपडं आणि दोन दुपटी. डॉक्टरांनी सगळं सोललं. जुलाबानं लेकरू पार सुकून गेलं होतं, डोळे खोल गेले होते. सलाईन लागलं तेव्हा कुठे त्यांनी मागे वळून बघितलं.

"आमचा नंबर आधी होता," गृहस्थ म्हणाले.

"तुमचा बोंबलतोय. म्हणजे श्वास घेऊन राहिलाय, पाणी आहे अंगात. बसा जरा. जे गप्प असतं त्याची मला भीती वाटते."

असा माणूस चारचौघांत न्यायची मात्र सोय नाही. लग्नात ते आहेर देतात आणि लेकरांच्या पंगतीत शिरून शेंगदाणे गोळा करतात. "अडकतात नरड्यात!" एकदा नवरदेवाच्या भाच्याच्या तोंडात बोट घालून त्यांनी फुटाणा काढला, त्यावरून दोन्हीकडची मंडळी रुसली. हळूहळू पत्रिका येईनाशा झाल्या. वहिनी होत्या तोवर त्या सारवासारव करायच्या. त्या गेल्या, मुलगा पुण्याला नोकरीला, आणि वरून आता फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. त्याही एका माणसापुरत्या.

गेल्या दिवाळीत मुलगा, सून आणि चार वर्षांची नात येणार होती. डॉक्टर कधी नव्हे ते घाबरले. "सर, तुमची पोरगी काय खेळते हो? माझ्याकडं रमली पाहिजे. रमली तर उन्हाळ्यात महिनाभर येईल." मग त्यांनी घर तपासलं. बादल्या पालथ्या घातल्या. रिमोटमधली बॅटरी काढली, देवघरातल्या सुपाऱ्या कुलपात टाकल्या, वहिनींची मण्यांची पेटी माळ्यावर चढवली. विजेच्या दिव्यांचं तोरण उतरवलं. चिवड्यातून शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप वेचून काढले. उरले ते नुसते पोहे. फटाक्यांचं तर नावच नको. नात आली, आजोबांनी खाली वाकून सवयीनं म्हटलं, "जीभ दाखव बघू," आणि ती आईच्या मागे लपली. दोन दिवस ती त्या मोकळ्या खोल्यांतून हिंडली आणि मग माझ्यासमोरच म्हणाली, "आबा, तुमच्या घरात काहीच नाहीये." भाऊबीज सूनबाईंच्या माहेरी ठरली. उन्हाळ्यात कुठलंसं शिबिर निघालं. डॉक्टरांनी मला जिन्यातच सांगितलं, "नाही रमली." मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

मागच्या रविवारी दुपारी आईनं दिलेली शेवयांची खीर घेऊन मी वर गेलो. दार उघडंच होतं. डॉक्टर टेबलाशी बसलेले, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. फोनमध्ये पुण्यात सोफ्यावर नात झोपली होती.

"बाबा, उठली की लावू का?" मुलाचा आवाज आला.

"थांब. जरा चादर खाली घे. पोट दिसू दे."

मुलगा घाबरला. लेकराचं पोट उघडं करून, घड्याळावर नजर ठेवून वडील श्वास मोजतात तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं, हे तो लहानपणापासून बघत आला होता. "का हो? जोरात चाललाय का श्वास? दवाखान्यात नेऊ?"

चादर खाली सरकली. ते एवढंसं पोट वर येत होतं, खाली जात होतं. डॉक्टरांचं घड्याळ पलीकडे खिडकीत काढून ठेवलेलं होतं.

"नाही रे," ते म्हणाले. "मोजून नाही राहिलो. बघून राहिलो नुसतं."

मुलानं फोन तसाच धरून ठेवला.