महादेवाची ओटी

आमच्या आईने एकदा महादेवाची ओटी भरायला घेतली, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आई तुंगाईला नवस बोलली होती : पाय चालू दे, तुझ्या गडावर चढून ओटी भरीन. पवना धरणाच्या काठी तुंग किल्ला आहे. त्याच्या पार टोकावर हिचं देऊळ. वर्षभरात पाय चालू लागला. मळवलीहून मी, बायको आणि आई निघालो.

"वाट मला पाठ आहे," मी म्हणालो. (तिथे मी एकदाही गेलो नव्हतो. नकाशा पाहिला होता.)

पवनानगरला धुकं इतकं, की धरणसुद्धा दिसेना. जीपवाल्याने विचारलं, "कुटं सोडू?"

मी धुक्यातून डोकावणाऱ्या एकुलत्या एका शेंड्याकडे बोट दाखवलं. "त्याच्या पायथ्याला."

"अहो, नाव तरी सांगा त्यांना," बायको म्हणाली.

"समोर दिसतोय, त्याला नाव कशाला?"

वरच्या पायऱ्या गुडघाभर उंच. आई प्रत्येक पायरीला "तुंगाई माते" म्हणत चढली. दोनदा बसली, पण हात धरू दिला नाही. देऊळ दिसलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. आत अंधार होता. तिने खण, नारळ, तांदूळ, बांगड्या काढल्या, कुंकवाचं बोट पुढे केलं आणि थबकली.

"देवीला डोळे नाहीत रे."

"स्वयंभू आहे," मी ठामपणे सांगितलं.

दारात ताक विकणारी बाई आत डोकावली. "मावशी, ह्यो म्हादेव हाय. ह्यो तिकोना गड. तुंगाई तितं, पान्याच्या पल्याड."

नेमकं तेव्हाच धुकं उठलं. पलीकडे तुंग स्वच्छ उभा. बायको माझ्याकडे बघतही नव्हती, आणि ते बघण्याहून वाईट होतं.

"चुकलो, आई."

आईने कुंकवाचं बोट पदराला पुसलं. मग त्या बाईला म्हणाली, "तो याच्यापेक्षा अवघड आहे का गं?"

"न्हाई. ह्यो चढलीस, तर त्यो बी चढशील."

"मग झालं तर." आईने नारळ महादेवाला वाहिला, खण पिशवीत ठेवला आणि ती दोन पेले ताक प्यायली.

पुढच्या रविवारी तीच जीपवाल्याशेजारी बसली आणि गडाचं नाव तिनेच सांगितलं. तुंगाच्या टोकावर पोहोचली तेव्हा दमली होती, पण चेहरा उजळला होता. ओटी उघडण्याआधी तिने दिवा लावायला आलेल्या आबांना विचारलं,

"ही तुंगाईच ना?"

"व्हय की. का वो?"

"काही नाही," आई म्हणाली, "मुलगा शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून खात्री करून घेतली."